साडेपंधराचा गळा

मामांचा गळा साडेपंधरा. लग्नात साडेपंधरा होता आणि पुढची तीस वर्षं साडेपंधराच राहिला. पोट सुटलं, केस गेले, चष्मा आला, पण कॉलर काही बदलली नाही. मामा स्वतः शिंपी, तरी त्यांचे शर्ट मामीच शिवायची, आणि गळ्याचं माप कधी घ्यावंच लागायचं नाही. कातर सरळ कापडावर. वरचं बटण मामा नेहमी लावायचे, कितीही उकडत असलं तरी. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, गुदमराल की हो. मामा म्हणायचे, "शिंप्यानेच गळा उघडा टाकला तर तुम्ही कॉलर शिवायला माझ्याकडे कशाला याल?"

त्याच गळ्यात गाठ निघाली. आधी आवाज बसला, मग घास अडकायला लागला, मग मोठं इस्पितळ, ऑपरेशन, आणि वर तेहेतीस दिवस रेडिएशनची लाईट दिली. मामीने सगळं निभावलं. निभावलं म्हणजे काय, दुसरं कोण होतं? दुकान खाली, घर वर, माणसं दोन. डॉक्टर म्हणाले गाठ गेली. तेव्हा कुठे घराने श्वास सोडला.

आणि दोन महिन्यांनी गळा सुजायला लागला.

सुजायला म्हणजे असं की सकाळी उठले की हनुवटीखाली कुणी छोटी उशी बांधून ठेवलीय असं दिसायचं. दुपारपर्यंत जरा कमी, दुसऱ्या सकाळी परत तेच. गाल ताठ. जीभ जड, बोलणं तोंडात गोळा धरून बोलल्यासारखं. मामीला वाटलं गाठ परत आली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले तसं नाही. मानेतून ज्या वाटांनी अंगातलं एक पाणी वाहून जातं त्या वाटा ऑपरेशनमध्ये आणि लाईटमध्ये गेल्या, आता पाण्याला जायला जागा नाही, म्हणून साठतं.

मामी म्हणाली, "मग काढून टाका ना सुईने."

"सुईने निघणारं नाही ते," डॉक्टर म्हणाले. "कातडीच्या आत मुरलेलं आहे, सगळीकडे."

मामीने घरी येऊन टेप लावली. साडेसतरा. अंग उतरून खांद्याची हाडं वर आलेली आणि गळा दोन इंच वाढलेला. शर्ट शिवायला घेतला तर धड एका माणसाचं आणि गळा दुसऱ्याचाच.

मामांनी दुकानात यायचं बंद केलं असं नाही, पण मागे पडदा लावून बसायला लागले. पडद्यापलीकडे मामी गिऱ्हाइकांशी बोलायची, अलीकडे मामा काजं करायचे. गिऱ्हाइकांना दाखवायचा मोठा आरसा होता त्याचं तोंड त्यांनी भिंतीकडे करायला लावलं. गिऱ्हाइकाला बघायचं असलं की मामीने तो फिरवायचा आणि ते गेलं की परत भिंतीकडे. एकदा एक बाई पडद्याआड डोकावून म्हणाली, "अगंबाई, मास्तर किती भरले! बरं मानवलं की आजारपण." मामा हसले. बाई गेल्यावर त्यांनी कापड कापायच्या टेबलावर खडूने लिहिलं, 'तिच्या ब्लाऊजची बटणं उलटी लाव.' बोलायला त्रास व्हायचा म्हणून असं खडूने लिहायचे आणि बाहीने पुसायचे. टेबल कायम पांढरं असायचं.

इस्पितळात या सुजेचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या. साध्या, पायात कॅनव्हासचे बूट, सारख्या चालत असायच्या. त्यांनी मामा मामीला बसवून सांगितलं की आम्ही यावर एक अभ्यास करतोय. साठ पेशंट घ्यायचेत, तुम्ही येता का.

"म्हणजे औषध नाही यावर?" मामीने विचारलं.

"गोळी नाही. हलका मसाज आहे, मानेचे आणि जबड्याचे व्यायाम आहेत, दाबाची पट्टी आहे. पण कुणी केलं की जास्त गुण येतो, किती येतो, हे नीट मोजून बघायचंय. त्यासाठीच हे चाललंय."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मामीला वाटलं, बाई जरा खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर त्यात असं होतं की निम्म्या लोकांना आठवड्यातून तीनदा मॅडमच्या हाताचा मसाज, आणि निम्म्यांच्या घरच्यांना शिकवून द्यायचं, मग त्यांनी घरी करायचं. कोण कुठे ते कॉम्प्युटर ठरवणार. मामीने मनातल्या मनात मॅडमचे हात मागितले. कॉम्प्युटरने घर दिलं.

मामांनी मॅडमच्या कागदाच्या मागे लिहिलं, 'कॉम्प्युटरला पेढे द्यायला हवे होते.' मॅडम खळखळून हसल्या. पण घरी आल्यावर टेबलावर त्यांनी दुसरंच लिहिलं. 'तीन महिने. उतरलं नाही तर पुरे. मसाज नाही, व्यायाम नाही, इस्पितळ नाही.'

मामीने पुसलं. त्यांनी तेच परत लिहिलं.

त्यांचं लिहिणं मस्करीचं कुठलं आणि खरं कुठलं ते मामीला अक्षरावरून कळायचं. हे खरं होतं. आणि जबड्याचा व्यायाम सोडला तर तोंड उघडणंच बंद होईल असं डॉक्टर बजावून बसलेले. मग खाणार काय? त्या दिवसापासून मामीचा जीव त्या तीन महिन्यांना टांगलेला.

मसाज शिकायला मामीला चार दिवस लागले. आधी गळ्याखालच्या हाडावर, मग काखेत, मग मानेत आणि सगळ्यात शेवटी हनुवटी. पुढची वाट मोकळी करायची, मग मागचं सरकवायचं. हे तिला पटलं. पण हात जड. तीस वर्षं इस्त्री ओढलेला हात तो.

"कुस्ती खेळताय का मामी?" मॅडम म्हणाल्या. त्यासुद्धा मामीच म्हणायला लागल्या होत्या. "फक्त कातडी सरकवायची. खाली काही दाबायचंच नाही. जाळीचं कापड असतं ना, त्याची सुरकुती कशी काढता?"

मग जमलं. तळहात टेकल्यासारखा न टेकल्यासारखा. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. मामा डोळे मिटून पडायचे. त्यांना काही कळायचं नाही खरं तर, ऑपरेशनपासून गळ्याची कातडी बधिर होती. दाढी करताना कापलं तरी रक्त दिसल्यावर कळायचं.

आणि एक वही दिली होती. रोज सकाळी उठल्या उठल्या मापं घ्यायची. कानापासून हनुवटीपर्यंत, डोळ्याच्या कडेपासून जबड्यापर्यंत, आणि गळ्याभोवती. हे ऐकल्यावर मामी पहिल्यांदा जरा खुलली. मॅडम दाखवायला लागल्या टेप कशी धरायची, तर म्हणाली, "बाई, हे मला नका शिकवू. हजारो गळे मोजलेत या हातांनी." मॅडम म्हणाल्या बरं, आणि टेप परत ठेवली.

इस्पितळात दर महिन्याला वेगळी मापं व्हायची. ती घेणारी ताई वेगळी, तिला म्हणे कळू द्यायचंच नाही हा पेशंट कुठल्या बाजूचा. ती आल्या आल्याच म्हणायची, "मला काही सांगू नका हं घरी काय करता ते." आणि आकडा पेशंटलाही सांगायची नाही, लिहून पाकिटात. त्यामुळे मामा मामीकडे आकडे होते ते फक्त वहीतले.

वहीत गळा साडेचव्वेचाळीस सेंटीमीटर. रोज. कधी एक रेघ वर, कधी एक रेघ खाली. पहिला महिना गेला. दुसरा जायला आला. मामा स्वतः आकडा लिहायचे, मामीने टेप धरायची आणि त्यांनी पेन्सिल. मामी म्हणायची, आज जरा मऊ लागतंय हां. ते मान हलवायचे. ती हो अशी नसायची आणि नाही अशीही नसायची.

सातव्या आठवड्यात मामीच्या बोटात मशीनची सुई गेली. जाड पँटचा काठ मारत होती, लक्ष पडद्याकडे, आणि डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट सुईखाली गेलं. नखातून आरपार. गल्लीतल्या डॉक्टरांनी सुईचा तुकडा काढला आणि बोटाला एवढी मोठी पट्टी बांधली की मामांनी लिहिलं, 'दोघांचं सुजलं. आता बरं दिसतं.' मसाज तिने उजव्या हाताने केला, खाडा नाही पाडला.

दुसऱ्या सकाळी टेप लावली तर त्रेचाळीस.

मामीने परत लावली. त्रेचाळीस. मामांनी तिचा हात धरून टेप स्वतःच्या डोळ्यांसमोर ओढली.

"उ...तरलं?"

"उतरलं हो! दीड सेंटीमीटर!"

"अर्धा इंच," मामा म्हणाले. जड जिभेने, पण स्पष्ट. शिंप्याला सेंटीमीटरचं काय, अर्धा इंच म्हणजे कॉलरचा एक अख्खा नंबर. साडेसतराची सतरा झाली.

तोंडाची मापं तीच होती, एक रेघ हललेली नव्हती. मामीने ते बघितलं आणि मामांनीही. त्यांनी टेबलावर लिहिलं, 'आधी गळा उतरणार. तोंड मागून येईल.' असं त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण मामीला ते एकदम खरं वाटलं.

पुढचे नऊ दिवस त्रेचाळीस. त्या नऊ दिवसांत मामांनी पडदा बाजूला सरकवला. सूप एक वाटी घ्यायचे ते दोन घ्यायला लागले. जबड्याचा व्यायाम दिवसातून सहा वेळा, सांगावं लागायचं नाही. पोस्टमन टपाल द्यायला आला तर त्याच्याशी बोलले, त्याला निम्मं कळलं नाही, पण तो मान हलवत राहिला, भला माणूस. आणि मामांनी स्वतःसाठी आकाशी कापड काढलं, सतराची कॉलर स्वतः आखली, स्वतः कापली. मामी मशीनवरून बघत होती. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांनी कातर धरली होती.

मग बोटाची पट्टी निघाली. आणि दुसऱ्या सकाळी साडेचव्वेचाळीस.

मामीने तीनदा मोजलं. चौथ्यांदा मामांनीच टेप काढून गुंडाळली. वहीत आकडा लिहिला, पेन्सिल ठेवली आणि खाली जाऊन पडदा ओढून घेतला. त्या दिवशी व्यायाम नाही, सूप अर्धी वाटी. मामी म्हणाली, अहो असं काय करता, होतं कमी जास्त. त्यांनी टेबलावर काही लिहिलं पण नाही. मामीला त्याचंच जास्त वाटलं. भांडले असते तर भांडता आलं असतं.

एकाएकी वाढलं तर लगेच कळवा असं वहीच्या पहिल्या पानावर होतं. तिने फोन केला, मॅडम म्हणाल्या उद्या सकाळी घेऊन या. दिवसभर मामीच्या डोक्यात एकच, गाठ. परत आली ती.

दुपारी पोस्टमन आला, युनिफॉर्मचा शर्ट शिवायचा होता. छाती झाली, बाही झाली. मामी गळ्याला टेप लावायला लागली तसा तो हसला.

"मामी, बोट काढा की. गळा आहे माझा, बादलीची कडी नाही."

"अहो, बोट नको घालू तर काय? नुसत्या गळ्याची कॉलर शिवली तर आवळून मराल. गळ्याच्या मापात एक बोट सोडायचंच अस..."

आणि तिथेच थांबली. टेप त्याच्या गळ्यात, तिचं डावं बोट टेपच्या आत.

"काय झालं?" पोस्टमन म्हणाला. "एवढा वाईट आहे का माझा गळा?"

मामीने ते बोट बाहेर काढलं. त्यावर नखाच्या मधोमध काळा डाग, सुईचा. नऊ दिवस हे बोट पट्टीत होतं. नऊ दिवस ते टेपमध्ये जाऊच शकत नव्हतं.

पोस्टमन गेल्यावर तिने स्वतःच्या गळ्याला टेप लावली. बोट घालून, मग बोट काढून. दीड सेंटीमीटरचा फरक. बरोबर. मामांचा गळा पहिल्या दिवसापासून त्रेचाळीसच होता. एक रेघ उतरला नव्हता आणि एक रेघ चढलाही नव्हता. सात आठवडे ती वहीत स्वतःचं बोट मोजत होती. हात आपोआप करायचा, तीस वर्षांची सवय, आणि बोट घालायला शिकवलं तेही मामांनीच, लग्नानंतर पहिल्या महिन्यात. त्यांच्या बधिर कातडीला कळलं नाही, नाहीतर त्यांनी पहिल्याच दिवशी हातावर चापट मारली असती.

ती तिथेच स्टुलावर बसली. पडद्याआड मामा होते. चार पावलं. जाऊन सांगायचं. पण सांगायचं काय? गाठ नाही, भिऊ नका. आणि उतरलं होतं तेही नाही. तीन महिन्यांतले दोन गेले आणि काहीच झालं नाही.

सकाळी इस्पितळात मामांना आत नेलं आणि मामीने बाहेर मॅडमना सगळं सांगितलं, बोट दाखवून. तिला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी कपाळाला हात लावला.

"माझी चूक आहे, मामी. तुम्ही नका शिकवू म्हणालात आणि मी ऐकलं."

"आता काढून टाकणार का त्यांना अभ्यासातून?"

"नाही, नाही. घरची गळ्याची मापं बाजूला ठेवू. इथली आहेत ना."

"ती काय म्हणतात?"

"ते मीसुद्धा बघायचं नसतं, अभ्यास संपेपर्यंत." मग म्हणाल्या, "वाढलं नाही, हेही काही कमी नाही हो."

"ते तुम्हाला. त्यांना उतरायला हवंय."

"मी सांगू का त्यांना?"

मामी म्हणाली, "मीच सांगते."

"त्यांनी मला विचारलं तर मी खरं सांगेन, हे लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्यापासून बोट न घालता मोजा."

डॉक्टरांनी तपासून गाठ नाही म्हणून सांगितलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. येताना बसमध्ये ते खिडकीकडे बघत होते, आणि एवढंच म्हणाले, "पुरे आता." मामी शेजारी बसून वाक्य जुळवत होती. अहो, ऐका ना, माझ्याकडून एक झालं. इथून सुरुवात करायची. एक थांबा गेला, दुसरा गेला. घर आलं.

दुसऱ्या सकाळी मामा सवयीने मान पुढे करून बसले. मामीने टेप लावली, बोट बाहेर ठेवून. त्रेचाळीस. आकडा मामांनी तिच्याआधी वाचला.

तिच्याकडे बघितलं त्यांनी. डोळे सुजेत बारीक झालेले, पण बघितलं ते असं.

"उतरलं?"

वाक्य जुळलेलं होतं. ओठांवर होतं.

"हो," मामी म्हणाली. "उतरलं."

आकडा खरा होता. त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस. मामांनी वहीत लिहिला, खाली रेघ ओढली आणि तोंड उघडून जबड्याचा व्यायाम सुरू केला. मामी स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर उगाचच चालू केला.

मग त्यांनी तीन महिने पुरे केले, आणि नंतरही सोडलं नाही. मॅडमना त्यांनी कधी काही विचारलं नाही. आकाशी शर्ट घालून पुढे बसायचे. वरचं बटण लागायचं, कारण कॉलर सतराची होती आणि शिंपी स्वतःच होते, एक बोट सोडलेलं होतं. पोस्टमन म्हणाला मास्तर, दिसताय हां. मामी रोज ठरवायची की आज सांगू. रविवारी सांगू. थंडी संपली की सांगू.

मग खोकला लागला. फोटो काढला तर छातीत दोन्हीकडे गाठी. तिथे ना टेप लागत होती ना हात. चार महिन्यांत मामा गेले. शेवटपर्यंत मसाज चालू होता, त्यांनाच हवा असायचा, आणि मामी तळहात टेकल्यासारखा न टेकल्यासारखा फिरवत राहायची, पाणी सरकतंय की नाही ते न कळता. शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, "गळा तरी... बरा झाला." मामीने हो म्हटलं. आता काय दुसरं म्हणणार होती?

ते गेल्यावर दीड महिन्याने मॅडमचा फोन आला. घरी येऊन गेल्या होत्या आधी, हा कामाचा होता. मामांचे आकडे अभ्यासात ठेवले तर चालतील ना, असं विचारत होत्या.

"ठेवा," मामी म्हणाली. मग म्हणाली, "आता तरी सांगता येईल का हो? उतरलं होतं का थोडं?"

"एकट्याचं बघून काही ठरत नाही, मामी. सगळ्यांचं मिळून बघायचं असतं. आणि ते अजून..."

"मला एकट्याचंच हवंय."

पलीकडे बराच वेळ कागद हलले. कुणाला तरी त्यांनी काहीतरी विचारलं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी त्रेचाळीस. शेवटच्या मापाला बेचाळीस पूर्णांक आठ. दोन मिलीमीटर कमी. पण मामी, खरं सांगते, एवढा फरक टेप धरण्यातही पडतो."

दोन मिलीमीटर. मशीनचा एक टाका. मामीला कळेना की यावर रडायचं का कसं. एक टाका उतरलं होतं म्हणजे ती खोटं बोलली नव्हती. किंवा तोही कुणाच्या तरी हाताचा फरक होता, आणि मग बोलली होती. कोण सांगणार?

"अजून किती माणसं राहिलीत तुमची?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"घ्या मग मापं," मामी म्हणाली. "आणि घरच्यांना टेप धरायला शिकवा. कितीही गळे मोजलेले असले तरी शिकवा."

मॅडम हो म्हणाल्या. मामीने फोन ठेवला.